काटा फाईलीतला सातवा कॉलम: आरमध्ये कॉलम घालणं, नाव देणं आणि हलवणं

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. साखर कारखान्याच्या वजनकाट्याची सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाईल) तुम्ही आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत घेतलीय. स्लिप नंबर, तारीख, शेतकरी कोड, गाव, भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ वजन, मग वाहतूकदार आणि तोडणी टोळी असे कॉलम आहेत. (दोघांचा मथळा नुसता 'वजन' आहे असं म्हणता; ते भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं असावं असं मी तूर्त धरलंय.) त्यात ऊसबिलाच्या रकमेचा कॉलम घालायचाय. तो शेवटी जाऊन बसतो आणि तुम्हाला निव्वळ वजनाला खेटून हवाय. मथळ्यांमध्ये आपोआप टिंबं घुसतात. आणि कॉलम पुढंमागं केलेत त्या दिवसापासून खालची सगळी गणितं बिघडलीत. शेवटी वैतागून विचारलंय, 'एक्सेलसारखं राइट क्लिक, इन्सर्ट असं काही आरमध्ये नाही का?'

तसं बटण नाही. पण पहिल्या दोन तक्रारी पाच मिनिटांच्या आहेत. खरं दुखणं तिसऱ्या तक्रारीत आहे. कॉलम हलवल्यावर गणित बिघडतं याचा अर्थ तुमचा कोड कॉलमला नावानं हाक मारत नाही, 'तो सातवा' असं म्हणतोय. हे सुधारलं नाही तर बिलाचा कॉलम हवा तिथं बसवूनही पुढच्या हंगामात तुम्ही पुन्हा इथंच याल.

मी सांगलीत विश्रामबागेत राहतो. कॉलेजात काही वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यानंतर कारखान्यांच्या शेती विभागांसाठी आणि दूध संघांसाठी हंगामी अहवाल करून देतो. त्यामुळे खालचं सगळं काटा फाईलींच्या अनुभवातून आलंय. तुमची फाईल दहा-वीस हजार ओळींची असेल तर सगळं जसंच्या तसं लागू पडेल. काही कोटी ओळी असतील तर एका ठिकाणी वेगळा विचार करावा लागेल, ते तिथं सांगतो. आणि फंक्शनांची नावं इथं देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थातच ती इंग्रजीत टाईप कराल.

आधी सातव्या कॉलमची गोष्ट, कारण ती माझीच चूक आहे. एका कारखान्याचा दर आठवड्याचा अहवाल मी आरमधून काढायचो. निव्वळ वजन सातव्या कॉलमात, म्हणून कोडमध्ये सरळ काटा[, 7] लिहिलेलं. दोन हंगाम सुरळीत गेले. तिसऱ्या हंगामात काट्यावरचं सॉफ्टवेअर बदललं आणि चौथ्या जागी 'वाहन प्रकार' नावाचा नवा कॉलम आला: ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाडी. त्याच्या उजवीकडचं सगळं एकेक घर सरकलं. सातव्या घरात आता रिकाम्या गाडीचं वजन होतं. तेही आकडेच, तेही टनातच. आरनं हूं की चूं केलं नाही. अहवाल छापून गेला, त्यात ट्रॅक्टरची सरासरी 7 टनांच्या आसपास. शेती अधिकाऱ्यांनी फोन करून एवढंच विचारलं, 'अहो, आमचे ट्रॅक्टर काय हवा भरून आणतात का?' कोड लाल अक्षरांत ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गप्प राहिला, हेच महागात पडलं.

आता हे असं का होतं ते बघा. आरमधली डेटा फ्रेम म्हणजे एक्सेलची चौकटींची जाळी नव्हे. ती कॉलमांची यादी असते. प्रत्येक कॉलम म्हणजे एकाच जातीच्या मूल्यांची स्वतंत्र माळ, आणि सगळ्या माळांची लांबी सारखी. उसाची मोळी डोळ्यासमोर आणा: सारख्या लांबीच्या कांड्या एकत्र बांधलेल्या. मोळीत कुठली कांडी डावीकडं आणि कुठली उजवीकडं यानं उसाचं वजन बदलत नाही. ही रचना मूळ एस या भाषेतली. ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी आर घडवली तेव्हा ती एसवरून घेतली. आरची 1.0.0 आवृत्ती फेब्रुवारी 2000 मध्ये आली, पण डेटा फ्रेमचा हा स्वभाव अजून तोच आहे. म्हणून 'मधे कॉलम घालणं' ही आरच्या दृष्टीनं दोन कामं आहेत: यादीत एक माळ वाढवणं, आणि यादीचा क्रम बदलणं. पहिल्याचा गणिताशी संबंध आहे. दुसरं फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी.

टिंबांपासून सुरुवात करू. रीड.सीएसव्ही() फाईल वाचताना मथळे 'दुरुस्त' करतं. नावात मोकळी जागा, कंस, टक्क्याचं चिन्ह, आडवी रेघ चालत नाही असं धरून प्रत्येकाच्या जागी टिंब ठेवतं. 'वजन (टन)' चं 'वजन..टन.' होतं. मथळा आकड्यानं सुरू होत असेल तर पुढं एक्स चिकटवतं, म्हणून हंगामाचा '2024-25' हा मथळा 'एक्स2024.25' होऊन येतो. एकच नाव दोनदा आलं, आणि काटा फाईलीत 'वजन' हमखास दोनदा येतं, तर दुसऱ्याला 'वजन.1' करतं. हे नको असेल तर वाचताना चेक.नेम्स = फॉल्स द्या. मथळे जसेच्या तसे येतील, फक्त मोकळी जागा असलेलं नाव कोडमध्ये लिहिताना दोन्ही बाजूंना बॅकटिक (उलटं एकेरी अवतरणचिन्ह) लावावे लागतील. एक्सेलची फाईल रीड_एक्सेल() नं वाचली तर तऱ्हा वेगळी: तिथं दुहेरी नावांना 'वजन...6', 'वजन...7' असे कॉलम क्रमांक चिकटतात. मथळ्याचे सेल मर्ज केलेले असतील तर रिकाम्या मथळ्यांना नुसतंच '...5' मिळतं. या चिकटलेल्या आकड्यांवर कोड लिहू नका. ते म्हणजे जागेचा नंबरच, नावाचा वेष घेऊन आलेला.

वाचतानाच अजून एक करा. शेतकरी कोडचा कॉलम अक्षरांचा आहे असं कॉलक्लासेसमध्ये सांगा. नाहीतर '00417' चं 417 होतं, आणि पुढं दुसऱ्या यादीशी जोडताना एकही शेतकरी सापडत नाही.

आता नावं बदलणं. नेम्स(काटा)[7] <- "निव्वळ_टन" हा सगळीकडं दिसणारा मार्ग, आणि माझ्या चुकीचा सख्खा भाऊ. त्याहून बरा असा:

नेम्स(काटा)[नेम्स(काटा) == "निव्वळ वजन"] <- "निव्वळ_टन"

इथं जागा नाही, नाव शोधलंय. पण यातही एक खोच आहे. 'निव्वळ वजन' असा मथळा फाईलीत नसलाच, समजा शेवटी एक मोकळी जागा राहिलीय, तर काहीच घडत नाही आणि तसा संदेशही येत नाही. म्हणून मी डीप्लायर या पॅकेजचं (म्हणजे आरला वरून जोडायच्या फंक्शनांच्या संचाचं) रिनेम() किंवा डेटा.टेबल या पॅकेजचं सेटनेम्स() वापरतो. जुनं नाव सापडलं नाही की दोन्ही तिथंच थांबतात आणि कोणतं नाव सापडलं नाही ते सांगतात. मला असा भांडखोर कोडच आवडतो.

या दोघांत नावांची दिशा मात्र उलटी आहे आणि भलेभले त्यात गोंधळतात. सेटनेम्स(काटा, "जुनं", "नवं") ही गॅझेटची पद्धत: नाव बदलाच्या जाहिरातीत असतं तसं आधी जुने नाव, मग नवीन नाव. रिनेम(काटा, नवं = जुनं) यात नवं डावीकडं. गणितात क = अ + ब लिहितो तेव्हा जे तयार होतं ते डावीकडं असतं, तसंच. आणि जुन्या प्लायर पॅकेजमध्येही रिनेम() आहे, त्याची दिशा पुन्हा उलटी. प्लायर डीप्लायरच्या नंतर लोड केलं तर तेच वरचढ ठरतं, आणि काल चालणारा कोड आज चालत नाही. प्लायर लागतच नसेल तर ते लोडच करू नका.

नाव काय द्यावं हा आवडीचा प्रश्न आहे, पण एका बाबतीत मी हट्टी आहे: एकक नावात हवं. काटा किलोत मोजतो, शेती खातं टनात बोलतं, एफआरपी (सरकारनं ठरवलेला उसाचा रास्त दर) क्विंटलला जाहीर होते. नुसतं 'वजन' असं नाव ठेवलं की कुणीतरी कुठंतरी दहापट किंवा हजारपट चुकणार. निव्वळ_किलो, निव्वळ_टन, दर_प्रति_टन असं लिहायला दोन सेकंद जास्त लागतात, बस.

इथं डॉलर चिन्हाचा एक सापळा जवळून दाखवतो, कारण काटा फाईलीत मी तो प्रत्यक्ष पकडलाय. साध्या डेटा फ्रेममध्ये निव्वळ_किलो असा कॉलम आहे. विद्यार्थ्यानं लिहिलं:

काटा$निव्वळ <- काटा$निव्वळ / 1000

'निव्वळ' नावाचा कॉलमच नाही, तरी चूक आली नाही. कारण उजवीकडं वाचताना डॉलर अर्धवट नावावरही समाधान मानतो: 'निव्वळ' नं सुरू होणारा एकच कॉलम दिसला, तो घेतला. डावीकडं लिहिताना मात्र तो असा उदारपणा करत नाही. तिथं निव्वळ नावाचा नवा कॉलम तयार झाला. म्हणजे आता दोन कॉलम: किलोचा जुना, टनाचा नवा. योगायोगानं उत्तर बरोबर! मग त्यानं खालची एक ओळ दुरुस्त केली आणि फाईल पुन्हा न वाचता बाकीची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या खेपेला निव्वळ नावाचा कॉलम खरंच होता, त्याला पुन्हा 1000 नं भागलं. 18 टनांचा ट्रॅक्टर 18 किलोचा झाला. टिबल या डेटा फ्रेमच्या कडक प्रकारात हे चालत नाही, अर्धवट नाव दिलं की इशारा येतो आणि हाती नल, म्हणजे काहीच नाही, पडतं. दुहेरी चौकटी कंसात पूर्ण नाव लिहिण्याची सवय असली, काटा[["निव्वळ_किलो"]] अशी, तर साध्या डेटा फ्रेममध्येही हा प्रश्न येत नाही.

मथळे मराठीत ठेवावेत का? तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचे मराठीत आहेत म्हणून सांगतो. ठेवता येतात. विंडोजवर आर 4.2.0 पासून, म्हणजे एप्रिल 2022 पासून, युनिकोड नीट हाताळलं जातं. त्याआधी मराठी मथळ्यांच्या जागी कोनी कंसातले संकेतांक छापले जायचे. तरीही आतल्या कामासाठी मी छोटी इंग्रजी अक्षरांतली नावं ठेवतो आणि मराठी मथळे अगदी शेवटी, छापण्याआधी लावतो. कारण असं. दोन गट कार्यालयांतून दोन फाईली आल्या होत्या, दोन्हींत 'शेतकऱ्याचे नाव' हा मथळा. डोळ्यांना तंतोतंत सारखा. आरच्या मते वेगळा. दोन्ही फाईली एकाखाली एक जोडल्यावर नावांचे दोन कॉलम झाले, प्रत्येकात अर्धी जागा एनए, म्हणजे मूल्यच नाही. शेवटी एनचार() नं अक्षरं मोजली. 'शेतकऱ्याचे' या शब्दात एका फाईलीत 10 चिन्हं, दुसरीत 11. एका कीबोर्डनं तो अर्धा र 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिला होता, दुसऱ्यानं साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. 'ॲ' चंही असंच: एक अखंड ॲ आणि एक अ वर चंद्र दिलेला. मराठीत ऱ्य आणि ॲ किती शब्दांत येतात ते तुम्हीच मोजा. युनिकोडच्या प्रमाणीकरणानंही हे सुटत नाही: ते न दिसणारं जोडचिन्ह तसंच राहतं आणि ॲ ची दोन रूपंही वेगळीच राहतात. दोन्ही आपणच शोधून एका रूपात बदलावी लागतात.

असाच एक न दिसणारा पाहुणा फाईलीच्या पहिल्या मथळ्याच्या आधी बसलेला असतो. एक्सेलमधून युनिकोड सीएसव्ही जतन केली की सुरुवातीला एक खूणचिन्ह येतं, आणि स्लिप_नंबर डोळ्यांसमोर असूनही 'असा कॉलम नाही' असं उत्तर मिळतं. फक्त पहिलाच कॉलम सापडत नसेल तर संशय याच्यावर घ्या. रीड.सीएसव्ही() ला फाईलएन्कोडिंग = "यूटीएफ-8-बीओएम" द्या.

आता बिलाचा कॉलम. एक चौकशी आधी करा: हा कॉलम कुठून येणार? त्यावर पद्धत ठरते. माझ्या मते तीन शक्यता असतात.

पहिली, तो टेबलातल्याच कॉलमांवरून मोजायचाय. काटा$निव्वळ_टन <- (काटा$भरलेलं_किलो - काटा$रिकामं_किलो) / 1000. यात धोका नाही, प्रत्येक ओळीचं गणित त्याच ओळीतून होतं. काट्यानं दिलेलं निव्वळ वजन असलं तरी ते वेगळ्या नावाच्या कॉलमात तसंच ठेवून मी हा कॉलम वेगळा काढतो आणि दोन्ही जुळतात का बघतो.

दुसरी, एकच आकडा सगळ्या ओळींना लावायचाय. ऊसदर यात मोडतो, आणि इथं बरेच जण उगाच घोळ घालतात. 2024-25 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 340 रुपये होती, आणि त्यावरच्या दर 0.1 टक्क्याला 3 रुपये 32 पैसे जास्त. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, कारखान्याचा धरतात, एकेका शेतकऱ्याच्या उसाचा नाही. समजा उतारा 11.75 आहे. म्हणजे पायरीच्या वर 1.5 टक्के, 15 टप्पे, 49 रुपये 80 पैसे. क्विंटलला 389.80, टनाला 3,898. हा एक आकडा, सगळ्या ओळींना तोच. काटा$एफआरपी_रक्कम <- काटा$निव्वळ_टन * 3898 इतकंच. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, ती वेगळ्या कॉलमात ठेवा. एकाच सूत्रात सगळं कोंबलं की शेतकऱ्यानं 'हे कसं काय?' विचारल्यावर तुम्हालाच उलगडून सांगता येत नाही.

पण एकाऐवजी तीन आकडे दिले तर? समजा लागण (नवी लागवड), खोडवा (तोडणीनंतर फुटलेलं दुसरं पीक) आणि निडवा (तिसरं पीक) यांच्या पाहणीसाठी तीन वेगळे आकडे लावायचेत आणि टेबलात 12,000 ओळी आहेत. साधी डेटा फ्रेम काहीही न बोलता तो तिघांचा गट 4,000 वेळा पुन्हा पुन्हा मांडते: पहिल्या ओळीला लागणीचा, दुसरीला खोडव्याचा, तिसरीला निडव्याचा. त्या ओळीत खरा ऊस कोणता याच्याशी तिला देणंघेणं नाही. ओळींची संख्या 12,001 असती तर भाग न गेल्यामुळं ती अडली असती. म्हणजे चूक उघडी पडणं हे भागाकारावर अवलंबून! टिबल आणि डेटा.टेबल यांत हा धोका नाही, तिथं एकच आकडा किंवा पूर्ण लांबीची माळ चालते, अधलंमधलं काही नाही. नव्यानं शिकणाऱ्याला मी टिबल वापरायला सांगतो त्यामागं हे मुख्य कारण.

तिसरी शक्यता, कॉलम दुसऱ्या फाईलीतून यायचाय. उदाहरणार्थ शेतकऱ्याचा गट नंबर आणि क्षेत्र नोंदणीच्या यादीत आहे. इथं सीबाइंड() वापरू नका, हे मी हात जोडून सांगतो. सीबाइंड() दोन टेबलं नुसती शेजारी चिकटवतं. पहिली ओळ पहिल्या ओळीला, दुसरी दुसरीला. एक यादी कोडनुसार आणि दुसरी तारखेनुसार लावलेली असेल तर एकाचं क्षेत्र दुसऱ्याच्या नावावर जातं. तलाठ्यानंही इतक्या सहज फेरफार केला नसता. मी मॅच() वापरतो:

काटा$क्षेत्र_गुंठे <- नोंद$क्षेत्र_गुंठे[मॅच(काटा$शेतकरी_कोड, नोंद$शेतकरी_कोड)]

काट्याच्या प्रत्येक ओळीतला कोड नोंदीत कितव्या जागी आहे ते मॅच() शोधतं, आणि त्या जागेचं क्षेत्र आणलं जातं. काटा टेबलाच्या ओळी जितक्या होत्या तितक्याच राहतात, क्रमही तोच. सापडला नाही तर एनए. एकाच कोडच्या दोन नोंदी असतील, लागण एका गटात आणि खोडवा दुसऱ्या गटात, तर मॅच() पहिली घेऊन मोकळं होतं. हे तुम्हाला चालणार नसेल तर आधी नोंद टेबलात कोड दुहेरी आहेत का ते तपासा, मग कोड आणि गट अशी जोडचावी करून लेफ्ट_जॉइन() किंवा मर्ज() करा. जोडण्याआधी आणि नंतर ओळी मोजा. वाढल्या असतील तर कुठल्या तरी शेतकऱ्याचा ऊस दोनदा मोजला जाणार आहे. मर्ज() वापरलंत तर दोन गोष्टी बदललेल्या दिसतील, घाबरू नका: ओळी चावीनुसार लावल्या जातात आणि चावीचे कॉलम सगळ्यात पुढं येतात. दोन्हीकडं 'गाव' असेल तर एकाला डॉट एक्स आणि दुसऱ्याला डॉट वाय असं शेपूट लागतं. तेव्हाच नावं नीट करून टाका, शेपटं घेऊन पुढं जाऊ नका.

आता राहिला क्रम. 'मधे घालायचं' याचं सरळ उत्तर: डीप्लायरच्या म्युटेट() मध्ये .आफ्टर असा पर्याय आहे. म्युटेट(काटा, बिल_रक्कम = निव्वळ_टन * 3898, .आफ्टर = निव्वळ_टन) असं लिहिलं की कॉलम तयारही होतो आणि हव्या जागी बसतोही. आधीच तयार असलेला कॉलम हलवायला रिलोकेट(). हे डीप्लायर 1.0.0 पासून, म्हणजे 2020 पासून आहे. कार्यालयातल्या जुन्या संगणकावर 'असं फंक्शन नाही' असं आलं तर आवृत्ती बघा.

पॅकेज न वापरता करायचं असेल तर हव्या क्रमानं सगळी नावं लिहून निवडायची, आणि इथंच नव्वद टक्के लोक घसरतात. यादीत एखादं नाव राहिलं तर तो कॉलम गुपचूप गळतो. मी हे असं करतो: पुढं हवे असलेले चार-पाच कॉलम 'पुढचे' या नावानं ठेवतो, मग

काटा <- काटा[, सी(पुढचे, सेटडिफ(नेम्स(काटा), पुढचे))]

म्हणजे हे आधी, आणि उरलेले जसे होते तसे मागून. काही गळत नाही. उद्या काट्यानं अजून एक कॉलम वाढवला तरी तो मागे येऊन उभा राहतो.

डेटा.टेबल वापरणाऱ्यांसाठी सेटकॉलऑर्डर() आहे. पुढं हवी तेवढीच नावं द्यायची, बाकीची आपोआप मागं जातात. सुरुवातीला 'कोटी ओळी असतील तर' म्हणालो ते इथं लागू पडतं. मॅट डाउल यांचं हे पॅकेज 2006 पासून आहे आणि त्याच्या वेगाचं एक मोठं कारण असं: ते टेबलाची नक्कल करत नाही, आहे त्याच जागी बदल करतं. मोठ्या फाईलीला हे वरदान, गाफील माणसाला फास. नवं <- काटा असं लिहिलं म्हणजे दोन टेबलं झाली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात एकाच टेबलाला दोन नावं मिळतात. घरात 'बाळू' आणि शाळेच्या दाखल्यावर 'बाळासाहेब', माणूस तोच. 'नवं' मध्ये सेटनेम्स() केलं की काटाचेही मथळे बदलले. खरी नक्कल हवी असेल तर कॉपी(काटा) लिहा. नावांच्या यादीलाही हे लागू आहे: जुनी_नावं <- नेम्स(काटा) असं ठेवून नंतर नवा कॉलम घातला तर तो जुन्या नावांच्या यादीतही दिसू शकतो. आधी आणि नंतर काय होतं याची तुलना करायला गेलो तेव्हा मला 'काहीच बदललं नाही' असं उत्तर मिळालं होतं, आणि अर्धा दिवस त्यात गेला. तिथंही कॉपी(नेम्स(काटा)) करायचं.

क्रमाला महत्त्व केव्हा असतं? माझ्या कामात दोनच वेळा. एक, समोरच्या कार्यालयाचा ठरलेला नमुना असतो आणि त्यात त्याच क्रमानं फाईल चढवावी लागते. दोन, माणूस कागदावर वाचणार असतो. प्रतिमान बसवणं, गटवार बेरजा, आलेख यांना नाव पुरतं, क्रमाचं सोयरसुतक नसतं. दोन महिन्यांच्या फाईली एकाखाली एक जोडतानाही डेटा फ्रेमचं आरबाइंड() नावं बघून जुळवतं, क्रम वेगळा असला तरी अडत नाही. म्हणून माझ्या स्क्रिप्टमध्ये क्रम लावण्याची ओळ फाईल लिहिण्याच्या फक्त एक ओळ आधी असते, त्याच्या वर कुठंही नाही. तुम्ही ती मध्यावर घातलीत आणि खाली काटा[, 7], काटा[, 8] वापरलंत, म्हणून गणित बिघडलं.

तर तुमच्या स्क्रिप्टचं काय करायचं: फाईल वाचताना चेक.नेम्स बंद, कोड अक्षरांत. लगेच नावं बदला, आणि ती बदलण्यासाठी जुनं नाव, नवं नाव, एकक अशी तीन कॉलमांची छोटी फाईल वेगळी ठेवा. काट्यानं मथळे बदलले तर कोडला हात न लावता ती फाईल बदलायची. त्याखाली तपासणीची एक ओळ: लागणारी सगळी नावं टेबलात आहेत का, नसतील तर स्टॉप() करून थांब. मग नवे कॉलम. शेवटी क्रम, मराठी मथळे आणि लिहिणं. एडिटरमध्ये चौकटी कंसातला स्वल्पविराम आणि त्यापुढचा आकडा शोधा. जिथं जिथं सापडेल तिथं तो कॉलम खरोखर कोणता ते बघून नाव घाला. कंटाळवाणं काम आहे, चहा घेऊन बसा. माझ्या स्क्रिप्टमध्ये असे 23 निघाले होते, त्यातले 2 आधीपासूनच चुकीचे होते.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नावरून कळत नाही. फाईलीत 'वजन' दोनदा आहे असं म्हणता, पण ते भरलेलं आणि रिकामं आहे, की काट्यावरचं आणि दुरुस्त केलेलं? बिल कशावर काढायचं ते त्यावर ठरेल. नेम्स(काटा) चं उत्तर आणि पहिल्या पाच ओळी इथं टाका. शेतकऱ्यांची नावं आणि कोड खोडून टाका, एवढं लक्षात ठेवा.